टाकीत हसणारा पोरगा: जमिनीखालच्या पेट्रोल टाकीतल्या वाफेचं एक प्रकरण

त्या दिवशी टाकीत उतरण्याच्या परवान्यावर सही माझी होती. टाक्यांच्या सफाईची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी तेव्हा सुरक्षेचं काम बघत होतो. पंप महामार्गावरचा, सातारा आणि कोल्हापूरच्या मधला. ठेकेदार, पंप आणि माणसं यांची नावं देत नाही. काम काय होतं, आकडे काय होते आणि कुठे चुकलं, ते मात्र काही न लपवता सांगतो. अशा टाक्या आज प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांत उतरणारी माणसंही.

काम का निघालं

सप्टेंबर संपत आला होता. पंपावरून पेट्रोल भरून गेलेल्या दोन दुचाकी अर्ध्या किलोमीटरवर बंद पडल्या, मग तिसरी. लोक गाडीतलं पेट्रोल बाटलीत काढून मॅनेजरच्या टेबलावर आणून ठेवू लागले. बाटलीच्या तळाशी गढूळ थर. टाकी भरतात त्या पाइपच्या चेंबरमध्ये पावसाचं पाणी साचलं होतं, झाकणाचं रबर गेलं होतं आणि तिथून पाणी आत उतरलं होतं.

पूर्वी असं पाणी तळाला बसायचं. पाणी दाखवणारी पेस्ट लावलेली डीपरॉड, म्हणजे मापाची कांब, सोडली की रंग बदललेला दिसायचा, तेवढं पाणी उपसून घेतलं की भागायचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून तसं राहिलं नाही. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी वेगळा थर करून बसतं. हा थर साध्या पेस्टवर नीट उमटतही नाही. मग टाकी रिकामी करून आतून पुसून घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

टाकी २० किलोलिटरची, आडवी पुरलेली. व्यास दोन मीटर, लांबी साडेसहा मीटरच्या आसपास, एका टोकाला मॅनहोल. माल आदल्या संध्याकाळी उपसून नेला होता. पंपाच्या नळीला न येणारा दीडेकशे लिटरचा राडा तळाशी उरला होता: पेट्रोल, इथेनॉलमिश्रित पाणी, गंजाचे पोपडे आणि बोटाला चिकटणारा तपकिरी गाळ.

माझ्याबरोबर माणसं चार. मुकादमाला सगळे मामा म्हणत. वीस-बावीस वर्षं टाक्यांत काढलेला माणूस, तोंडाला ओला टॉवेल बांधून कितीतरी टाक्या उपसलेला. चौघांत एक त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता, बावीस वर्षांचा, अंगाने सडपातळ. मॅनहोलमधून सहज जातो म्हणून आत उतरायचं काम त्याच्याकडे आलं होतं. ओल्या टॉवेलने पेट्रोलची वाफ अडत नाही, हे मामाला मी त्याच सकाळी पुन्हा सांगितलं. टॉवेल धूळ अडवतो, वाफ त्यातून सरळ आत जाते. भाच्यासाठी आम्ही हाफ मास्क आणला होता, दोन्ही बाजूंना वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिज असलेला. त्या मास्कबद्दल पुढे बोलतो.

सकाळचे आकडे

सव्वासातला मॅनहोलचं झाकण उघडलं. त्याआधी डिस्पेन्सरकडे, म्हणजे गाडीत पेट्रोल भरणाऱ्या यंत्राकडे, जाणारी पाइपलाइन सोडवून तिच्या तोंडाला ब्लाइंड प्लेट (तोंड बंद करणारी भरीव चकती) बसवली होती, त्या बाजूची वीज तोडून कुलूप घातलं होतं, दोरी बांधून वाहनं लांब ठेवली होती. सगळ्यांचे मोबाइल ऑफिसात. वायू मोजणाऱ्या मीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत सोडली. ऑक्सिजन १४.२ टक्के. पेट्रोलच्या वाफेचा आकडा मीटरच्या मापाबाहेर.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १४.२ वर आला, याचा अर्थ टाकीतल्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा पेट्रोलच्या वाफेने व्यापला होता. एवढ्या दाट वाफेत ठिणगी पडली तरी ती पेटत नाही, कारण जळायला पुरेशी हवाच नसते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असते तेव्हा पेट घेते. म्हणून बंद टाकीपेक्षा वारा देऊन मोकळी होत चाललेली टाकी आगीच्या दृष्टीने जास्त घातक. बत्तीस टक्क्यांवरून शून्याकडे जाताना तिला या पट्ट्यातून जावंच लागतं. त्या वेळात मॅनहोलपाशी कुणीही रेंगाळायचं नसतं. मीटर वाचण्याचाही क्रम ठरलेला आहे. वाफ मोजणारा मीटरमधला मणी वाफ जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर वाफ भरपूर असूनही आकडा कमी दिसू शकतो. म्हणून ऑक्सिजन आधी, वाफ नंतर, विषारी वायू त्यानंतर. हे सगळं मी शिकलेलो होतो आणि त्या सकाळी तसंच केलं.

वारा देण्यासाठी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा एअर मूव्हर लावला. त्यात मोटर नसते, म्हणून ठिणगीची भीती नाही. स्थिर विजेसाठी तो तांब्याच्या तारेने टाकीशी जोडला. कॉम्प्रेसर लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. जवळजवळ साडेतीन तास तो चालला. १०.४० ला पुन्हा नळी सोडली. ऑक्सिजन २०.८, एलईएल (स्फोटाच्या किमान मर्यादेवरून वाफ सांगणारा आकडा) ४ टक्के, हायड्रोजन सल्फाइड शून्य, कार्बन मोनॉक्साइड शून्य. परवान्याच्या कागदावर छापलेलं होतं: ऑक्सिजन १९.५ च्या वर, एलईएल १० च्या खाली. मी दोन्ही रकान्यांत खूण केली आणि सही केली.

चार टक्के म्हणजे किती

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते मुख्यतः इथेच आहे.

मीटरवरचा एलईएल हा आकडा हवेतल्या वाफेचा टक्का नसतो. स्फोट व्हायला जी किमान वाफ लागते, तिच्या किती टक्के वाफ आत आहे ते तो सांगतो. १.४ टक्क्यांचे ४ टक्के काढले तर येतात ५६० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५६० भाग वाफ. त्यात आमचा मीटर मिथेनवर जुळवलेला होता. असा मीटर पेट्रोलची जड वाफ ढोबळमानाने निम्मीच दाखवतो. म्हणजे आत खरी वाफ हजार-अकराशे पीपीएमच्या घरात होती.

आता श्वासाचं बघू. अमेरिकेतली एसीजीआयएच ही संस्था कामाच्या जागेवरच्या हवेच्या मर्यादा ठरवून देते आणि जगभर त्या वापरल्या जातात. पेट्रोलच्या वाफेसाठी तिची आठ तासांची सरासरी मर्यादा ३०० पीपीएम आहे आणि पंधरा मिनिटांची ५००. म्हणजे ज्या हवेला माझ्या कागदाने ‘सुरक्षित’ म्हटलं, ती श्वासाच्या मर्यादेच्या तिपटीहून दाट होती. कागद आगीसाठी छापलेला होता. फुप्फुसासाठी त्यावर रकानाच नव्हता.

ऑक्सिजनचा आकडा इथे धीर देतो, आणि तो धीर खोटा असतो. हवेत १ टक्का पेट्रोलची वाफ मिसळली तर ऑक्सिजन २०.९ वरून २०.७ वर येतो. एवढा फरक तर मीटरच्या चुकीतही बसतो. पण १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, आणि तेवढ्या वाफेत माणसाला काही मिनिटांत दारू चढल्यासारखी झिंग येते. ऑक्सिजनची घंटा १९.५ ला वाजायची तर हवेत साडेसहा टक्क्यांहून जास्त वाफ यावी लागते. तोवर माणूस शुद्धीवर नसतो. पेट्रोलच्या टाकीत बहुतेक वेळा गुदमरण्याआधी भूल चढते, आणि भूल चढायला सुरुवात होते ती स्फोटाच्या मर्यादेच्याही खाली.

किती पेट्रोल लागतं यासाठी? एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती दोनशे लिटरच्या जरा आत जागा घेते. या हिशेबाने २० किलोलिटरच्या टाकीत स्फोटाची किमान मर्यादा गाठायला दीड लिटर पेट्रोल पुरतं. ३०० पीपीएम गाठायला तीसेक मिलिलिटर. टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासाचा तिसरा-चौथा हिस्सा. आणि आमच्या टाकीच्या तळाशी दीडशे लिटर राडा होता, जो त्या पोराने वायपरने ढवळायचा होता. गाळ स्थिर असतो तेव्हा त्याच्यावर साय धरल्यासारखा थर असतो. तो फाटला की आतलं पेट्रोल उघडं पडतं आणि वाफ नव्याने सुटते. १०.४० चा आकडा न ढवळलेल्या टाकीचा होता.

नाकावर भिस्त ठेवता येत नाही, कारण पेट्रोलचा वास नाक काही मिनिटांत विसरतं. मामाचं जुनं वाक्य होतं, “पहिली दहा मिनिटं वास येतो, मग सवय होते.” सवय नाकाला होते, मेंदूला होत नाही.

दुपार

११.०५ ला भाचा पहिल्यांदा उतरला. अंगाला पूर्ण हार्नेस, पाठीमागच्या कडीला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या दोघांच्या हातात. वीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर, असं ठरलं होतं. प्लॅस्टिकच्या फावड्याने गाळ बादलीत भरायचा, बादली वर.

पहिल्या खेपेतच अडचण आली. एअर मूव्हरचा शिट्टीसारखा आवाज टाकीत घुमत होता. आतलं बाहेर ऐकू येईना, बाहेरचं आत.

“काय म्हणतोय रे?” मामा मॅनहोलवर वाकून ओरडला.

“बादली... बादली वढा!” आतून आवाज आला, पण त्यासाठी पोराने मास्क हनुवटीवर ओढला होता. मी त्याला मास्क वर घ्यायला सांगितलं. त्याने घेतला आणि पुढच्या बादलीला पुन्हा खाली ओढला. मास्क लावून ओरडता येत नाही, हे मास्क विकत घेणाऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दुसऱ्या खेपेनंतर तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

“मामा, डोकं जड झालंय.”

“वर बस जरा. वारं घे. चहा पी.”

त्यानंतर मी मीटर सोडला. एलईएल ७ टक्के. दहाच्या खाली म्हणून काम चालू ठेवलं. खरी वाफ तेव्हा २,००० पीपीएमच्या आसपास असणार, आणि माझ्यासमोर त्या वाफेची खूण बसली होती: लाल डोळे, जड डोकं. मीटरपेक्षा ते पोरगं जास्त खरं सांगत होतं. मी मीटरचं ऐकलं.

१२.४० ला पेट्रोलचा टँकर आला. पंपावर पेट्रोलची दुसरी टाकी होती, आमच्या टाकीपासून चारेक मीटरवर, आणि तिच्यातला माल संपत आला होता. मॅनेजर म्हणाला, “साहेब, त्या बाजूची टाकी आहे, तुमच्या कामाला काही होत नाही. अर्ध्या तासात खाली करून जाईल.” टँकरचा चालक, त्याची अर्थिंगची क्लिप, अग्निशामक नळकांडं, सगळं मी बघितलं आणि हो म्हणालो.

१२.४५ ला भाचा तिसऱ्यांदा उतरला. या खेपेला मामाने एअर मूव्हर बंद करायला लावला. “आवाजात काय कळत नाय साहेब, पोराला हाक मारली तर ऐकू तरी जाऊ दे.” भाच्यावरच्या मायेने तो बोलत होता. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न म्हणून मीही मान हलवली. मीटर मॅनहोलच्या गळ्यात दोरीने टांगून ठेवला, दीडेक फूट आत. १२.५० ला टँकर खाली व्हायला लागला.

१२.५८ ला टाकीतून हसण्याचा आवाज आला.

मामाही हसला. “बघा, खुशीत आहे.” वर दोर धरलेल्यांपैकी एकाने काहीतरी चेष्टा केली, आतून पुन्हा हसू. मग काहीतरी बडबड, शब्द न लागणारी. वायपरचा खरखर आवाज थांबला. मामाने हाक मारली. मग दुसरी. तिसऱ्या हाकेला मामाने चप्पल काढली आणि पाय मॅनहोलमध्ये सोडला.

मी त्याला कमरेला धरून मागे ओढलं. तो माझ्यापेक्षा ताकदवान होता, त्याने मला झटकलं, शिवी दिली, “माझ्या बहिणीचं पोरगं हाय ते!” कसाबसा मी त्याला बाहेर धरला. बाकीच्या दोघांनी दोर ओढायला घेतला. आमच्याकडे तिपाई नव्हती, चरखी नव्हती. साठ किलोचं निपचित शरीर हाताने वर ओढायचं, आणि मॅनहोलच्या गळ्याशी त्याचा खांदा अडकला. खाली सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा मामानेच वरून हात घालून त्याचा दंड आत वळवला. तेव्हा तो सुटला. आतला आवाज थांबल्यापासून तो बाहेर येईपर्यंत चार मिनिटं गेली. मी घड्याळ बघितलं नव्हतं. पंपावरच्या कॅमेऱ्यात ती वेळ नंतर दिसली.

तो श्वास घेत होता, उथळ. वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं, कुशीवर निजवलं, पेट्रोलने भिजलेले कपडे कापून काढले, अंगावर पाणी ओतलं. कुणीतरी म्हणालं, बोट घालून ओकारी काढा. ते होऊ दिलं नाही, कारण ओकारीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरलं तर ते जास्त वाईट. १०८ ला फोन गेलाच होता. तो डोळे उघडून चालत सुटायला बघत होता, त्याला आम्ही पडवून ठेवलं. या वाफेने हृदय हळवं होतं. अशा वेळी धावपळ किंवा घाबरण्याने वाढलेलं अ‍ॅड्रिनॅलिन हृदयाचा ठोका एकाएकी बिघडवू शकतं. बाहेर काढल्यावर उठून दोन पावलं चालला आणि कोसळला, अशी प्रकरणं होतात ती यामुळे. दवाखान्यात दोन दिवस त्याच्या हृदयाच्या ठोक्यावर आणि फुप्फुसावर लक्ष ठेवलं. तो बरा झाला.

वाफ आली कुठून

टँकर निघून गेल्यावर मी मीटरची नळी आमच्या टाकीच्या तळाशी सोडली. आकडा मापाबाहेर. सकाळी साडेतीन तास वारा देऊन मोकळी केलेली टाकी होती ती. गाळ ढवळून एवढी वाफ इतक्या लवकर होत नाही.

ऑफिसात लावलेल्या नकाशावर दोन्ही टाक्यांच्या व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या नळ्या, वेगवेगळ्या दाखवल्या होत्या. प्रत्यक्षात, काही वर्षांपूर्वी वाफ परत घेण्याची यंत्रणा बसवताना पेट्रोलच्या दोन्ही टाक्यांच्या व्हेंट जमिनीखाली एकत्र जोडून एकच उभी नळी वर नेली होती, आणि तिच्या टोकाला दाब आल्याशिवाय न उघडणारी झडप होती. नकाशा बदलायचा राहिला होता. आम्ही डिस्पेन्सरची पाइपलाइन बंद केली, व्हेंटला हात लावला नाही.

टाकीत १२ किलोलिटर पेट्रोल ओतलं की तेवढीच वाफेने भरलेली हवा बाहेर ढकलली जाते. ती वाफ टँकरमध्ये परत नेणारी नळी त्या दिवशी जोडलेली नव्हती. मग तिच्यासमोर दोन वाटा उरल्या: चार मीटर उंच चढून झडप ढकलायची, किंवा जमिनीखालच्या जोडाने शेजारच्या उघड्या टाकीत उतरायचं. वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती आमच्या टाकीच्या लांबच्या टोकाला वरून शिरली आणि पाण्यासारखी तळाला पसरली, जिथे पोरगं उकिडवं बसून गाळ ओढत होतं. मॅनहोलच्या गळ्यात टांगलेला मीटर गप्प होता, कारण तिथवर वाफ पोचलीच नव्हती. आणि तिला पातळ करणारा वारा आम्ही बंद केला होता.

हिशेब मांडला की पोटात गोळा येतो. पहिल्या आठ मिनिटांत साधारण चार हजार लिटर वाफमिश्रित हवा बाहेर पडली असेल. तिचा पाव हिस्सा जरी आमच्याकडे आला, तरी टाकीतली वाफ दोन टक्क्यांपर्यंत जाते. हा भूल देणारा आकडा तर आहेच, तो पेट घेणाऱ्या पट्ट्यातही बसतो. आम्ही दोर घासत, लोखंडी कड्या आपटत त्याला ओढत होतो तेव्हा खाली एक ठिणगी पुरली असती.

मास्कच्या कार्ट्रिज नंतर बघितल्या. पंधरा दिवसांपूर्वी पाकीट फोडून जीपच्या डॅशबोर्डवर उघड्या ठेवलेल्या. आतला कोळसा उघड्यावर भिजतो, वाफ धरतो आणि संपतो, बाहेरून काही दिसत नाही. त्या नव्या असत्या तरी टाकीच्या कामाला चालल्या नसत्या. कार्ट्रिज हवा गाळते, हवा देत नाही. आत किती वाफ येईल याची खात्री नसलेल्या बंद जागेत बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो: लांब नळीचा, किंवा पाठीवर सिलिंडर असलेला. सिलिंडरवाला माणूस मॅनहोलमधून जाईल का, हे आधी बघावं लागतं. अरुंद तोंडाच्या टाकीला म्हणून नळीचा बरा.

यातलं काहीच नवं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने हेच सांगितलं होतं: टाकी मोकळी असल्याचं जाणकार माणसाचं लेखी प्रमाणपत्र, नाहीतर श्वासाचं उपकरण आणि पट्ट्याला बांधलेला दोर, ज्याचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये बजावलं होतं की बंद जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. जयपूरच्या सीतापुरा डेपोत २९ ऑक्टोबर २००९ ला पेट्रोल सुटलं, तेव्हाही स्फोटाच्या तासभर आधीच व्हॉल्व्हपाशी असलेला माणूस वाफेने आडवा झाला आणि त्याला काढायला गेलेलाही. मामाचा एक पाय मॅनहोलमध्ये होता, हे मी विसरू शकत नाही.

मामाबद्दल आणखी एक सांगायला हवं. आपल्याकडच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, यावर आता वाद नाही. अमेरिकेत कामाच्या जागी त्याची आठ तासांची मर्यादा १ पीपीएम आहे. वीस वर्षं टॉवेल बांधून टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या रक्ताची तपासणी तोवर कुणीच केली नव्हती. त्या प्रकरणानंतर माझ्या आग्रहावरून ठेकेदाराने चौघांचीही करून घेतली आणि दरवर्षी करायचं कबूल केलं.

चार दिवसांनी

टाकी तशीच पडून होती, काम पुरं करायचंच होतं. या वेळी आधी व्हेंटचा जोड खणून उघडला आणि आमच्या बाजूला ब्लाइंड प्लेट घातली. काम संपेपर्यंत पंपावर एकही टँकर खाली करायचा नाही, असं मॅनेजरकडून लिहून घेतलं. राडा आधी बाहेरूनच लांब नळीच्या हवेवर चालणाऱ्या पंपाने उपसला, वरून पाणी मारून तळ दोनदा धुतला, ते पाणीही उपसलं. आत उतरण्याआधीच इतकं काम बाहेरून होऊ शकतं, हे बघून मलाच वाईट वाटलं. पहिल्या दिवशी आम्ही माणूस आत घालण्याची घाई का केली, याला माझ्याकडे ‘नेहमी असंच करतात’ यापलीकडे उत्तर नव्हतं.

मग वारा, आणि तो शेवटपर्यंत चालू. या वेळी एलईएलचे दोन मीटर होते. एक उतरणाऱ्याच्या छातीवर, दुसरा मी दर दहा मिनिटांनी तळाशी सोडत होतो, दोन्ही पेट्रोलच्या वाफेला जवळच्या पेंटेनवर जुळवून आणलेले. एलईएल शून्य आणि तिसऱ्या, पीपीएममध्ये वाचणाऱ्या मीटरवर ३०० च्या खाली, असं झाल्यावरच माणूस आत, आणि तरीही नळीच्या हवेचा मास्क चेहऱ्यावर. मॅनहोलवर तिपाई आणि चरखी. आवाजाचा प्रश्न मामाने स्वतः सोडवला. दोराला एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे बादली ओढा, तीन म्हणजे मला काढा. आणि वरून एक झटका दिल्यावर आतून उत्तर आलं नाही, तर विचारायचं नाही, चरखी फिरवायची. उतरण्याआधी त्याने सगळ्यांकडून ते जमिनीवर चार-पाच वेळा करून घेतलं.

भाचा परत टाकीत उतरला नाही. तो आता दूध संकलनाची गाडी चालवतो. त्याला त्या आठ मिनिटांतलं फक्त एवढंच आठवतं की फार बरं वाटत होतं आणि कशाचं तरी खूप हसू येत होतं.

मामा अजून या कामात आहे. काही महिन्यांनी आम्ही दुसऱ्या एका पंपावर भेटलो. गाडीतून उतरल्यावर त्याने हत्यारं खाली काढली नाहीत. तो आधी व्हेंटच्या नळ्यांपाशी गेला, त्या खालपर्यंत न्याहाळल्या, आणि मग मॅनेजरच्या खोलीत जाऊन विचारलं, “साहेब, आज टँकर कधी यायचाय?”